दंडाला लागला!

रमाकांत त्रिलोकेकराचा एक दावा होता, आणि तो ऐकवण्यासाठी त्याला कुणी विचारावं लागत नसे. "लोक म्हणतात, माझं लक्ष नसतं. साफ खोटं! माझं लक्ष असतं. फक्त ते इथे नसतं!"

आता अशा माणसाशी काय वाद घालणार?

परळच्या एका कापडगिरणीत तो हजेरीचा कारकून होता. सकाळी विणकर रांगेत उभे राहत आणि हा नावं पुकारू लागे. पण शेजारच्या खिडकीतून उन्हाची तिरीप आत येई, तिच्यात कापसाचे तंतू तरंगत असत, आणि रमाकांतची नजर एकदा का त्या तंतूंवर गेली की त्यांच्याबरोबर तीही वर वर जाई. "दगडू कुशाबा!" "हजर!" आणि मग सामसूम! दगडू बिचारा थोडा वेळ वाट बघे आणि पुढची नावं स्वतःच पुकारून टाकी. गिरणीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रमाकांतला नव्हती.

राहायला तो माहीमला, नारळाच्या एका वाडीत. तिथून दादरच्या भातशेतांच्या बांधांवरून चालत परळला यायचं. ही वाट म्हणजे त्याच्यासारख्यासाठी घातच! डावीकडे भात, उजवीकडे भात, वर बगळे. एकदा तो विचार करता करता गिरणीवरून पुढे गेला, लालबाग ओलांडलं, आणि भायखळ्याला एका घोड्याच्या ट्रामवाल्याने घंटी वाजवली तेव्हा कुठे भूतलावर आला. साहेबाने कारण विचारलं. हा म्हणाला, "साहेब, गिरणी आज नेहमीच्या जागी दिसली नाही."

ही गोष्ट अठराशे चौऱ्याण्णवच्या थंडीतली. त्या थंडीत रमाकांतला स्वप्नं बघायला एक नवं आणि फार गोड कारण मिळालं होतं. त्याच्या बायकोला, कमलला, पाचवा महिना लागला होता.

कारण गोड, पण डोहाळे कडक! कमलच्या पोटात काही म्हणजे काही ठरत नव्हतं. भात नको, वरण नको, दुधाचा तर वासही नको. गिरणीतल्या दगडूने मोठ्या प्रेमाने कोकणातल्या कुळथाची पुरचुंडी आणून दिली होती. "वहिनींका सांगा, पिठी करून खावा. माझ्या शेवंतीक तीन खेपेक तीच पिठी तारून गेली." शेवंती म्हणजे त्याची बायको. कमलने पुरचुंडी सोडली मात्र, नाकाला पदर लावून ओरडली, "अहो, हे घोड्याचं खाणं आधी बाहेर न्या!"

पोटात राहायची एकच वस्तू. गाभोळी! माशाच्या पोटातली अंडी, तांदळाच्या पिठात घोळून कुरकुरीत तळलेली. तीही वरळी कोळीवाड्याच्या पुतळाबाईच्या पाटीतलीच. दुसऱ्या कुणाची आणली तर कमलला एका घासात कळे. पुतळाबाई रोज सकाळी दारात पाटी उतरवी, "माजे पोरीला काय हवा?" म्हणे, आणि पानात गुंडाळलेली गाभोळी काढून देई. शेजारच्या म्हाताऱ्या रमाकांतला बजावून गेल्या होत्या, "डोहाळे पुरव हो बाबा. नाहीतर पोराचा कान फुटतो!" तेव्हापासून रमाकांत पुतळाबाई दिसली की देवळापुढून जावं तसा थोडा वाकून जाई.

तर इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मध्ये आला फुटबॉल.

गिरणीच्या इंजिनखात्याच्या साहेबाने विलायतेहून एक चामड्याचा चेंडू आणला होता. रविवारी सुट्टीच्या दिवशी तो विणकरांना खेळ शिकवी. तिकडे वरळीचे कोळी किल्ल्याजवळच्या मैदानावर गोऱ्या पलटणींचे सामने बघून आले होते आणि नारळाच्या काथ्याचा चेंडू करून वाळूत खेळत होते. दोन्हीकडची गाठ पडायला कितीसा वेळ लागणार? बाजारात कुणी कुणाला काहीतरी बोललं, आणि ठरलं! येत्या रविवारी, दादरच्या कापून मोकळ्या झालेल्या शेतात, गिरणी विरुद्ध कोळीवाडा!

आता पंच कोण? साहेब रविवारी खंडाळ्याला जाणार होता. त्याने विचारलं, इंग्रजी वाचता येणारा आणि कुठल्याच बाजूने न खेळणारा माणूस कोण आहे?

"मी!" रमाकांत म्हणाला. या वेळी त्याचं लक्ष कसं काय इथे होतं, कोण जाणे.

साहेबाने त्याला एक शिट्टी दिली आणि नियमांचं एक चिमुकलं पुस्तक दिलं. रमाकांतची छाती फुगली. घरी येऊन त्याने कमलला सांगितलं, "असा निकाल देईन, असा निकाल देईन, की हरलेला माणूस घरी येऊन पाया पडेल!"

"पुतळाबाईचा दत्तू खेळणार आहे म्हणे कोळीवाड्याकडून," कमल पडल्या पडल्या म्हणाली.

"खेळू दे की!"

"तिला दुखवू नका म्हणजे झालं. माझं काही नाही हो, पण..." आणि तिने पोटावर हात ठेवला.

"अगं, न्याय म्हणजे न्याय! त्यात कोण दुखावतं?"

रात्रीच्या जेवणाआधी त्याने नियमांचं मराठी करायला घेतलं. सगळं झरझर होत गेलं, आणि एका नियमापाशी लेखणी अडली. चेंडूला 'हँड किंवा आर्म' लावायचा नाही, असं पुस्तक म्हणत होतं. आता हँड म्हणजे हात. बरं, आणि आर्म म्हणजे? तोही हातच की! रमाकांतने पुस्तकाच्या समासातच लिहिलं, 'चेंडूस हात किंवा हात लावू नये.' वाचून पाहिलं. लोक हसतील! मग त्याने एक हात खोडला. 'चेंडूस हात लावू नये. लावल्यास दंड.' किती सुटसुटीत झालं!

वाचकहो, तो खोडलेला हात लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं.

रविवारी दोन्ही बाजूंना गोळा करून रमाकांतने नियम वाचून दाखवले. "हात लावायचा नाही! लावला तर दंड!"

"कबूल!" दगडू म्हणाला. तो गिरणीचा म्होरक्या होता.

"कबूल!" दत्तू म्हणाला. तो कोळीवाड्याचा, पाठराखणीला, म्हणजे आपल्या गोलापुढे चेंडू अडवायला, उभा राहणारा. लहानपणापासून जाळी ओढून त्याचे बाहू असे झाले होते की बंडीच्या बाह्या त्याने स्वतःच कापून टाकल्या होत्या. मावत नव्हत्या.

हात म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे कुणीच विचारलं नाही. विचारणार तरी कसं? आपापला हात सगळ्यांना ठाऊक होता.

समुद्राला त्या दिवसांत भांग होता, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नव्हता, त्यामुळे होड्या वाळूवर ओढलेल्या आणि सगळा कोळीवाडा बांधावर हजर. बायका पाट्या उपड्या टाकून त्यांवर बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे पुतळाबाई. गोलासाठी दोन-दोन बांबू रोवले होते आणि वरून काथ्याची दोरी. चेंडू लांब जाऊ नये म्हणून मागे कोळ्यांनी आपली मासेमारीची जाळी बांधली होती.

पगडी, कोट आणि धोतर अशा थाटात रमाकांतने शिट्टी फुंकली. खेळ सुरू झाला.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा डाव त्याने फार झकास सांभाळला. दोनदा पडला, एकदा चेंडूने पगडी उडवली, पण नजर हलली नाही. कुणीच गोल केला नाही. दुसरा अर्धाही संपत आला. ऊन तिरपं झालं. कापलेल्या भाताच्या खुंटांवर सोनेरी साय धरली. आणि अशा वेळी समुद्राकडून वारा सुटला.

कोळीवाड्याच्या गोलामागचं जाळं हलू लागलं.

जुनं जाळं होतं. त्याला जागोजागी माशांची खवलं चिकटलेली होती आणि ती उन्हात लुकलुकत होती. जाळ्याच्या बरोबर मागे सूर्य उतरत होता. वाऱ्याने जाळं पुढे आलं की सूर्य आत सापडे, मागे गेलं की निसटे. पुढे, मागे. पुढे, मागे.

रमाकांत बघत राहिला.

थोड्या वेळाने ते जाळं राहिलं नाही. ती एक झोळी झाली, आणि झोळीत कुणीतरी पहुडलेलं होतं. लहानसं. मुलगी होती. कमलसारखे डोळे, आणि कान तर इतके सुंदर की फुटायचं नाव नको! ती लुकलुकणारी खवलं एक एक तोडून तोंडात घालत होती. रमाकांत तिला म्हणाला, अगं, तारे खायचे नसतात. ती हसली. लांबून, फार लांबून कुणीतरी ओरडत होतं, "हात! हात!" हो हो, रमाकांत म्हणाला, दे बाळ, दे हात. आणि तिने झोळीतून इवलासा हात बाहेर काढला. त्याच्या बोटापर्यंत तो हात येणार, येणार...

"हात! हात! रावसाहेब, हात!"

दगडू त्याच्या तोंडासमोर उभा राहून बोंबलत होता! मागे अख्खी गिरणी! "हात लागलो! ह्यांच्या गोलासमोर, त्या दत्तूचो हात! दिसलो ना?"

रमाकांतला काय दिसलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बांधावर पुतळाबाई उठून उभी राहिली होती. बावीस खेळाडू आणि चार-पाचशे माणसं एका त्रिलोकेकराच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या तोंडात शिट्टीशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत दत्तू धावत आला. स्वतःच्या उजव्या बाहूवर थाडथाड थापा मारत तो ओरडत होता, "दंड! दंड, शेट! दंड!"

रमाकांतचा जीव भांड्यात पडला. काय हा पोरगा! काय हा प्रामाणिकपणा! चूक झाली म्हणून स्वतःच्या तोंडाने दंड मागतो आहे, आणि वर स्वतःला मारूनही घेतो आहे! रमाकांतला इतकं भरून आलं की त्याने दत्तूची पाठ थोपटली. "शाब्बास! असे खेळाडू हवेत!" आणि शिट्टी फुंकून हात गोलाकडे केला. "दंड!"

दंड म्हणजे बारा वारांवरून मोकळी लाथ, मध्ये फक्त गोलावरचा माणूस. दगडूने मागचापुढचा विचार न करता लाथ घातली. चेंडू जाळ्यात गेला आणि रावस सापडावा तसा तडफडून शांत झाला.

गिरणीवाले नाचू लागले. कोळीवाडा बांधावरून खाली उतरला.

"शेट!" दत्तूचा आवाज चिरकला. "मी दंड बोललो!"

"हो ना! म्हणून तर दिला!"

"अवो, ह्यो दंड!" त्याने पुन्हा बाहूवर थाप मारली. "हाताला नाय लागला, दंडाला लागला! ह्ये वरती! हात खाली ऱ्हायला!"

"दंडाला लागला?"

"दंडाला लागला!"

"मग दंड!" दगडू मागून ओरडला.

"दंडाला लागला तं दंड कसा?"

"अरे, दंडाक लागलो म्हणूनच दंड!"

यानंतर जे काही झालं त्यात 'दंड' हा एकच शब्द चार-पाचशे लोक एकदम उच्चारत होते, अर्धे एका अर्थाने आणि अर्धे दुसऱ्या! गोंधळ एवढा की एका अर्थाचे काही लोक दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. रमाकांतने घाबरून घड्याळ पाहिलं आणि सामना संपल्याची शिट्टी दिली. ती कुणालाच ऐकू गेली नाही. एकटी पुतळाबाई शांतपणे त्याच्यासमोर आली.

"रमाकांतशेट," ती म्हणाली, "माजा पोर तुमाला देवासारखा सांगत व्हता, हाताला नाय लागला. तुमी त्येची पाठ थोपटली, आनि त्येलाच बुडवला. उद्यापासून माजी पाटी तुमचे दारात उतरनार नाय."

आणि उतरली नाही! सोमवारी सकाळी ती वाडीत आली, दोन्ही बाजूंच्या घरांत मासे दिले आणि त्रिलोकेकरांच्या दारावरून अशी गेली की जणू तिथे घरच नाही. कमल दारात उभी होती. पुतळाबाईची पावलं क्षणभर जड झाली, पण थांबली नाहीत.

"मी म्हटलं होतं," कमल एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

रमाकांत स्वतः माहीमच्या बाजारात गेला. तिथल्या कोळणी पुतळाबाईच्याच नात्यातल्या. एकीच्या पाटीत गाभोळी दिसत होती. ताजी आहे का बघावी म्हणून याने बोट पुढे केलं, तर ती कडाडली, "हात लावायचा नाय! लावला तर दंड!" अख्खा बाजार हसला. पुढच्या पाटीपाशी तेच, त्याच्या पुढच्या पाटीपाशीही तेच. एकीने तर तोंडाने शिट्टी वाजवली.

तो आठवडा कमलने साळीच्या लाह्या आणि ताकावर काढला. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. रमाकांतला तिच्याकडे बघवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने सलग सहा दिवस एकही स्वप्न पाहिलं नाही. हजेरीत सगळी नावं ओळीने पुकारली. गिरणीतले लोक धास्तावले.

शनिवारी त्याने मनाशी ठरवलं. कोळीवाड्यात जायचं! नियमांचं पुस्तक घेऊन जायचं, सगळ्यांसमोर उघडायचं, आणि पुस्तकच काय ते सांगेल. निरोप गेला. कोळीवाड्याचे पाटील, लहू पाटील, म्हणाले, या, आणि गिरणीवाल्यांनाही आणा. दगडू तर एका पायावर तयार होता. आठवडाभर माग चालवताना लोक त्याची पाठ थोपटत होते. उभ्या आयुष्यात त्याने केलेली ही एकच गोष्ट होती जिच्यावर गिरणीच्या मालकाचा शिक्का नव्हता. तो गोल तो असा सुखासुखी सोडणार नव्हता.

रविवारी दुपारी वरळीच्या वाळूत सभा भरली. डोक्यावर बांबूंना बोंबील वाळत घातलेले. लहू पाटील मध्ये बसले होते. हातात दोराचं वेटोळं.

"दगडू," पाटील म्हणाले, "ह्यो दोर किती हात हाय, जरा मोजून दे."

दगडूने दोर घेतला. टोक कोपराशी धरलं आणि दोर मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणला. "एक हात... दोन हात... तीन..." आणि तो थांबला. काहीतरी घोळ होतो आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

"थांबला का?"

"नाय. काय नाय."

"तुजे बायकोचा लुगडा किती हात?"

"अठरा," दगडू पुटपुटला.

"कुठनं मोजतंस?"

दगडू दोराचं टोक चाचपू लागला. आता विणकर माणूस, आयुष्यभर कापडात, तो काय खांद्यापासून मोजतो म्हणणार? शेवंतीचं लुगडं बारा हातांत संपलं असतं!

"बोल ना रे!"

"कोपरापासून," दगडू म्हणाला. कोळीवाड्याने आरोळी ठोकली.

"मंग हात कोपरापासून खाली," लहू पाटील म्हणाले. "वरती तो दंड. पोराच्या दंडाला लागला. ह्यात दंड कसला?"

"ता तुमचा झाला!" दगडू उसळला. "पुस्तक काय सांगता ता बघूया! रावसाहेब, काढा पुस्तक!"

रमाकांतने पुस्तक काढलं, पान उघडलं, आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, 'हँड किंवा आर्म'. आणि शेजारी समासात, त्याच्याच अक्षरात, तो खोडलेला हात! आर्म म्हणजे वरचाही. म्हणजे दंडसुद्धा. म्हणजे निकाल बरोबर होता! झोपेत दिला होता, चुकून दिला होता, पण शंभर टक्के बरोबर दिला होता!

असा आनंद आणि अशी आफत एकाच वेळी कुणावर आली नसेल. मोठ्याने वाचलं तर दगडूचा गोल राहतो, रमाकांतची अब्रू राहते, आणि कमल उपाशी राहते. त्याने वर पाहिलं. समोर पुतळाबाई बसली होती. तिच्या पाटीत, ओल्या पानांवर, एक जाडजूड पिवळसर गाभोळी होती.

"वाचा ना, शेट," दत्तू म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच रमाकांतला जास्त लागलं. "पुस्तक ऱ्हाऊ दे, येक सांगा. तुमी डोल्यांनी बगितला ना? तुमी बोलला, हाताला लागला, तं मी मानतो."

कमलचं, बाळाचं, सगळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पण या पोराला खोटं सांगणं त्याला जमेना.

"मी पाहिलंच नाही," तो म्हणाला.

"आँ?"

"मी... तेव्हा माझं लक्ष नव्हतं." हे शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारले.

एक बोंबीलसुद्धा हलला नाही.

"मंग काय बगत व्हता?" पुतळाबाईने विचारलं.

"जाळं."

"जालं? जाल्यात काय बगायचा?"

आणि मग रमाकांतने सगळं सांगून टाकलं. जाळं कसं हलत होतं, सूर्य कसा सापडत होता आणि सुटत होता, जाळ्याची झोळी कशी झाली, झोळीत कोण होतं, तारे खाताना ती कशी हसली, आणि 'हात हात' ऐकून तिने कसा हात पुढे केला. सांगता सांगता तो पुन्हा तिथेच पोचला. कोळणी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. दगडूसुद्धा आ वासून ऐकत होता.

"मग?" पुतळाबाई हळूच म्हणाली. "धरला तिचा हात?"

"कुठे हो! तेवढ्यात दगडू ओरडला."

"मेल्या!" पुतळाबाई दगडूवर कडाडली. "जरा थांबला असतास तं काय झाला असता?"

लहू पाटलांनी घसा साफ केला. "ज्येनं बगितलाच नाय, त्येचा निकाल निकाल नाय. गोल गेला. सामना बरोबरीत."

"पण पुस्तक!" दगडू रडकुंडीला आला. "रावसाहेब, पुस्तकात काय लिवला हा? वाचा की वो!"

रमाकांतने तोंड उघडलं. देवाशपथ, तो वाचणारच होता! पण पुतळाबाई उठली, पाटीतली ती गाभोळी उचलली आणि उघड्या पुस्तकावर, नेमकी त्या नियमावर, थबकन ठेवली. "ही माजे पोरीला. आनि तिला सांगा, पोरगीच व्हनार. मी सांगतंय." गाभोळीचं पाणी पानभर पसरलं. आर्म गेला, हँडही गेला, समासातला खोडलेला हात पुरता विरघळला.

रमाकांतने पुस्तक हळूच मिटलं. तो खोटं काही बोलला नाही. फक्त वाचायचं राहून गेलं.

दगडू वाळूतून ताडताड निघाला. जाता जाता वळून म्हणाला, "रावसाहेब, माझो एकच गोल होतो. याद राखा! आमच्या हातचा पाणीसुद्धा आता तुमका मिळाचा नाय!"

रमाकांतने ते ऐकलंही नाही. तो गाभोळीसकट पुस्तक छातीशी धरून माहीमच्या वाटेला लागला होता. संध्याकाळचे बगळे परतत होते आणि आज एकेका बगळ्याला तो नाव ठेवत चालला होता, मुलींची नावं. घरात शिरताच त्याने पुस्तक कमलपुढे उघडलं. "बघ, काय आणलंय!"

कमलने पाहिलं. नाकाला पदर लावला. "शी! अहो, बाहेर न्या ते आधी! केवढा वास!"

"अगं, गाभोळी! पुतळाबाईची!"

"कळलं हो. पण कालपासून मला ती नकोशीच झालीय." आणि मग तिचा चेहरा असा फुलला जसा महिन्याभरात फुलला नव्हता. "अहो, मला ना, कुळथाची पिठी हवी! त्या पुरचुंडीचा वास कालपासून सारखा आठवतोय. पण शेवंतीच्या हातचीच हं! दुसऱ्या कुणाच्या हातची नाही चालायची!"

रमाकांत पुस्तकासकट खाली बसला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जेवणाची सुट्टी झाली. दगडूने भिंतीशी बसून शेवंतीने बांधून दिलेलं फडकं सोडलं. भाकरी, आणि शेजारी झाकणाचा पितळी डबा. झाकण सैल होतं. कुळथाचा वास असा काही सुटला की रमाकांत कचेरीतून उठून त्या वासाबरोबर चालत आला, आणि त्याचा हात आपोआप पुढे झाला.

"हात लावायचा नाय!" दगडू डोळे वर न करता म्हणाला.

रमाकांतने हात मागे घेतला. विचार केला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले, खाली वाकला, कोपराच्या वरचा भाग हळूच पुढे केला आणि त्यानेच डबा सरकवत सरकवत स्वतःकडे आणला. तसाच तो काखेत दाबला आणि उभा राहिला. डबा हिंदकळला, थोडी पिठी कोटाच्या बाहीवर सांडली, पण कोपराच्या खाली त्याचा स्पर्शसुद्धा झाला नव्हता!

दगडू बघतच राहिला. त्याचा घास हातात तसाच. मग त्याला वाळूतला दोर आठवला, शेवंतीचं लुगडं आठवलं, आणि तो सबंध खात्याला ऐकू जाईल असा ओरडला, "दंड!"

कोणत्या अर्थाने ओरडला, ते विचारायला रमाकांत थांबला नाही. मागून दगडूचं हसणं ऐकू आल्यासारखं त्याला वाटलं, पण त्याच्या कानांचा काय भरवसा! अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो काखेत डबा घट्ट धरून दादरच्या बांधांवरून माहीमला पोचला.

कमलने गरम भातावर ती पिठी दोनदा घेतली. दोन्ही वेळा पोटात राहिली. रमाकांत समोर बसून बघत होता. बघता बघता पितळी डब्याचं काठोकाठ सोनं झालं, आणि त्यात ती झोळीतली पोरगी पाय सोडून बसली. तिने हात पुढे केला...

"अहो!" कमल हसत म्हणाली. "तुमच्या दंडाला हे काय लागलंय?"

रमाकांतने कोटाच्या बाहीकडे पाहिलं, कमलकडे पाहिलं, आणि खिशातून शिट्टी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "हे बघ, यापुढचे निकाल तूच दे."